आयजीईएसमधून आलेला सरफेस पुन्हा घडवता येईल असा कसा करायचा? ब्लोअरच्या कव्हरचं काम अडलंय

अंबडची_डिझायनर · सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. अंबडला आमचं पॅटर्नचं (मोल्ड ज्यावरून घेतात तो नमुना) छोटं वर्कशॉप आहे. द्राक्षबागेत फवारणीला ट्रॅक्टरमागे जो ब्लोअर लावतात, त्याच्या पंप आणि गिअरबॉक्सवर बसणारं फायबरचं कव्हर हा सध्याचा जॉब. पार्टीने गिअरबॉक्स बदललाय, नवा १८ मिमी उंच आहे. म्हणून कव्हरचा वरचा फुगवटा साधारण २२ मिमी वर घ्यायचा. खालची फ्लँज आणि तिची सहा भोकं मात्र केसभरही हलायला नकोत, कारण चेसिस जुनीच आहे आणि शेतकऱ्यांकडे आधीच गेलेल्या मशीनवरही हे कव्हर बसलं पाहिजे.

हातात आहे फक्त एक आयजीईएस फाइल (एका कॅड सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायचा जुना फाइल प्रकार). मूळ डिझाइन ज्याने केलं तो नोकरी सोडून गेला, मूळ मॉडेल कोणाकडेच नाही. फ्युजनमध्ये, म्हणजे आमच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये, उघडली की ४१२ सुटे सरफेस येतात. सॉलिड (भरीव मॉडेल) नाही, टाइमलाइन (मॉडेल कसं घडलं त्या पायऱ्यांची नोंद) कोरी.

आतापर्यंत तीन वाटा करून पाहिल्या.

फॉर्ममध्ये (फ्युजनचा ओढून आकार घडवायचा भाग) जाऊन कन्व्हर्टने फुगवट्याचा मुख्य फेस टी-स्प्लाइन (पॉइंट ओढून बदलता येणारा सरफेस) केला. झाला, पण आलेला पॅच आयताकृती होता आणि मूळ फेसच्या कडेबाहेर कुठच्या कुठे गेलेला. मग शेजारचे फेसही एकेक करून बदलले. प्रत्येकाचा वेगळा पॅच झाला, एक पॉइंट वर ओढला की शेजाऱ्याशी असलेली शिवण उसवते. शेवटी सगळ्याचा मेश करून पाहिला, ८६ हजार त्रिकोण. त्याचा फॉर्म होण्याआधीच मशीन बसलं.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी कव्हरं बाजारात हवीत, म्हणजे पॅटर्न कापायला माझ्याकडे आठ-नऊ दिवस आहेत. पूर्ण नव्याने काढायचं की यातून काही वाट निघते?

---

व्हीएमसी_सिन्नर · सोमवार, रात्री ११:०५

ताई, आधी पार्टीकडे स्टेप फाइल (आयजीईएसनंतरचा फाइल प्रकार) मागा. आयजीईएसवर डोकं लावण्यात वेळ जातो.

---

अंबडची_डिझायनर · सोमवार, रात्री ११:१२

मागितली. त्यांनी हीच आयजीईएस कुठेतरी उघडून स्टेप करून पाठवली. आत तेच ४१२ तुकडे.

---

जुना_लॉफ्टमन · मंगळवार, सकाळी ६:५०

अंबडची, एक काम कर. ती आयजीईएस नोटपॅडमध्ये उघड. घाबरू नकोस, साधा मजकूर आहे. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, जुन्या पंच कार्डाच्या मापाची. ७३व्या रकान्यात एकच अक्षर दिसेल: एस, जी, डी, पी किंवा टी. डी असलेल्या ओळी म्हणजे फाइलमधल्या वस्तूंची यादी, दर वस्तूला दोन ओळी. ओळीच्या सुरुवातीचा आकडा म्हणजे ती वस्तू कोणत्या जातीची.

१२८ दिसलं तर तो नर्ब्स सरफेस, म्हणजे कंट्रोल पॉइंटच्या जाळीने आकार धरलेला. १४४ दिसलं तर छाटलेला सरफेस. १८६ दिसलं तर जोडून सॉलिड केलेलं. हे १८६ आयजीईएसमध्ये पुढच्या आवृत्त्यांत आलं, आणि आपल्या हातात पडणाऱ्या बहुतेक फाइली अजून १४४ चा ढीगच असतात. पहिली आयजीईएस १९८० ची, शेवटची ५.३ आवृत्ती १९९६ ची. त्याआधीच, १९९४ ला, स्टेप आलं होतं.

आता १४४ म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण तुझी पहिली अडचण तिथेच आहे. शिंपी ब्लाऊजचं माप कापडावर खडूने आखतो. समज, त्याने कापड कापलंच नाही, फक्त आखलं आणि तुला सांगितलं की खडूच्या आतलं तेवढं खरं मान. छाटलेला फेस असा असतो. पडद्यावर खडूच्या आतला भाग दिसतो, पण खाली अख्खं कापड असतं, चौकोनी, चार कडांचं. तू रूपांतर केलंस ते त्या कापडाचं. खडूची रेघ त्यात उरत नाही, म्हणून पॅच बाहेर गेला.

आणि जी च्या ओळींत स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे आहेत. त्यातला १९वा आकडा बघून सांग. फाइल बनवताना किती बारकाईपर्यंत भरवसा धरला होता, ते तिथे लिहिलेलं असतं.

---

अंबडची_डिझायनर · मंगळवार, सकाळी ९:३०

काका, खरंच मोजलं. १४४ बरोबर ४१२ वेळा. १८६ एकदाही नाही. आणि १९वा आकडा ०.१ आहे.

फुगवट्याच्या मुख्य फेसचे कंट्रोल पॉइंटही पाहिले. ३८ बाय २७.

---

जुना_लॉफ्टमन · मंगळवार, सकाळी १०:१५

०.१ मिमी. म्हणजे फाइल लिहिणाऱ्यानेच कबूल केलंय की यापेक्षा बारीक जुळणीची हमी नाही. तुला कडांमध्ये फटी दिसत असतील.

---

अंबडची_डिझायनर · मंगळवार, सकाळी १०:२०

हो, कोपऱ्यात ०.०८ पर्यंत.

---

जुना_लॉफ्टमन · मंगळवार, सकाळी ११:००

मग हिशोब लागला. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात एक कर्नल, म्हणजे आकारांचं गणित करणारा गाभा, असतो आणि दोन बिंदू 'एकच' कधी म्हणायचे याची त्याची स्वतःची व्याख्या असते. कॅटिया एका मायक्रॉनला एकच म्हणतो, पॅरासॉलिड नावाचा कर्नल त्याच्या शंभर पट बारीक बघतो. ०.०८ ची फट दोघांनाही दरीच वाटणार. म्हणून आधी स्टिच कर, म्हणजे सुटे फेस कडांनी शिवून घे. टॉलरन्स एकदम मोठा देऊ नकोस. ०.०१ ने सुरू कर, मग ०.०५, मग ०.१. त्याच्यापुढे जायचं नाही. १ मिमी दिलास तर सगळं शिवलं जाईल खरं, पण बारीक फेस गिळले जातील आणि तुला कळणारही नाही.

दुसरं, ३८ बाय २७ म्हणजे हजारावर पॉइंट. मी विमान कारखान्यात लॉफ्टिंगला, म्हणजे वळणं आखायच्या कामाला, होतो. सुरुवातीच्या काळात वळण कॉम्प्युटरवर नाही, लाकडाच्या लवचिक पट्टीने काढायचो. त्या पट्टीलाच स्प्लाइन म्हणतात, तुमच्या सॉफ्टवेअरमधला शब्द तिथूनच आलाय. पट्टी जागेवर धरायला शिशाची वजनं ठेवायचो. आमच्या मिस्त्रींचा एकच हट्ट असायचा: वजन काढ, अजून एक काढ. जितकी वजनं कमी तितकं वळण निर्मळ. एका वळणावर वीस वजनं ठेवून प्रत्येक बिंदूतून पट्टी नेली की माप तंतोतंत जुळायचं, पण प्रकाशात पत्रा धरला की लाटा दिसायच्या.

तुझ्या फुगवट्यावर हजार वजनं आहेत. एक उचललंस तर टेंगूळ येणारच.

---

डिप्लोमा_शेवटचं_वर्ष · मंगळवार, दुपारी १:४०

सर, एक बेसिक प्रश्न. नर्ब्सलाही कंट्रोल पॉइंट असतात आणि टी-स्प्लाइनलाही. मग एक 'एडिट करता येतं' आणि दुसरं नाही, असं का म्हणतात?

---

फॉर्म_कारागीर · मंगळवार, दुपारी ३:२५

डिप्लोमा, चांगला प्रश्न आहे, आणि ताईंच्या अडचणीचं उत्तरही यातच आहे. सविस्तर लिहितो. सातपूरला प्लास्टिकच्या मोल्डचं काम करतो, फॉर्ममध्ये रोज हात असतो.

नर्ब्सची जाळी द्राक्षबागेसारखी असते. ओळ टाकली की ती या बांधापासून त्या बांधापर्यंत जाणार. मधे एका कोपऱ्यात दाट झाडं हवी असली तरी अख्खी नवी ओळ टाकावी लागते, आणि ती जिथे नको तिथूनही जाते. टी-स्प्लाइनमध्ये ओळ शेताच्या मधेच थांबवता येते. थांबते तिथे टी आकाराचा सांधा होतो, नाव त्याचंच. २००३ साली सेडरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, पुढे २०११ ला ऑटोडेस्कने ती कंपनी घेतली आणि आज फ्युजनच्या फॉर्ममध्ये आपण तेच वापरतो. दुसरं म्हणजे नर्ब्सचा एक सरफेस कायम चार कडांचा, म्हणून गुंतागुंतीचा आकार अनेक पॅच शिवून करावा लागतो. टी-स्प्लाइनमध्ये तीन किंवा पाच कडा एका बिंदूत येऊ शकतात, त्याला स्टार पॉइंट म्हणतात, त्यामुळे अख्खं कव्हर एकाच कातडीचं होतं. ओढलं की शेजारीही सोबत येतो, उसवत नाही.

पण मंडळी, यातून एक गैरसमज होतो आणि त्यात माझे सुरुवातीला आठवडे गेलेत. वाटतं की कन्व्हर्ट दाबलं की मेलेला सरफेस जिवंत होईल. होत नाही. हजार पॉइंटचा सरफेस हुबेहूब बदलायचा तर टी-स्प्लाइनलाही तेवढीच दाट जाळी लागते. मग तीही हलत नाही. आणि जाळी विरळ ठेवली तर हलते छान, पण मूळ आकारापासून सरकते. जितकं हुबेहूब तितकं हलवायला जड. ही सॉफ्टवेअरची खोट नाही, आकाराचाच गुण आहे. काकांच्या शिशाच्या वजनांचं तेच तर म्हणणं.

तेव्हा ताई, '४१२ फेस कसे बदलू' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'कुठे हुबेहूब हवं आणि कुठे हलायला हवं' हे आधी कव्हरवर खडूने आखा. तुमच्या वर्णनावरून मला असं दिसतं: फ्लँज, भोकं आणि फ्लँजच्या वरची साधारण ४० मिमीची भिंत हुबेहूब. तिथे आयातलेलाच सरफेस ठेवायचा, हात लावायचा नाही. त्याच्या वरचा फुगवटा नवा.

मी असं केलं असतं. काका म्हणतात तसं स्टिच करून घ्या. मग फुगवट्याचे सगळे फेस अनस्टिच करून वेगळे करा, पण फेकू नका. त्यांची एक बॉडी करून बाजूला ठेवा, तो आता आपला साचा, फक्त बघायला. राहिलेल्या भागाला वर एक मोठं तोंड पडेल, त्याची सलग कड मिळेल. त्या कडेत एकही बारीक तुटका एज राहू देऊ नका. मॅच करताना सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. ०.३ मिमीचा एखादा एज दिसला तर वेगळ्या प्लेनने तो भाग स्वच्छ कापून घ्या.

आता फॉर्ममध्ये कव्हर सममित असेल तर सिमेट्री लावून नवीन पॅच काढा, पूर्ण फुगवट्याला ८ बाय ६ फेसच्या वर जाऊ नका. कमीच बरे. बॉक्स डिस्प्लेमध्ये काम करा, गुळगुळीत दिसतं तेव्हा डोळा फसतो. मग मॉडिफायमधला पुल वापरून हे पॉइंट जुन्या फुगवट्याच्या बॉडीवर ओढून बसवा. झालं, तुमच्याकडे जुन्याच आकाराचा, पण पन्नासेक फेसचा फुगवटा आला. इथे थांबून मोजा, किती सरकलाय ते. मग मॅच वापरून बाहेरची कड भिंतीच्या कडेला जुळवा, तिथे जी१ (दोन्हीकडचा कल जुळतो) किंवा जी२ (वक्रताही जुळते) निवडता येतं. सगळ्यात शेवटी वर उचला.

क्रम उलटा करू नका. आधी उचलून मग मॅच केलं तर कडेजवळची पहिली ओळ ताणली जाते आणि तिथे कॉलर आल्यासारखी वळी पडते.

---

व्हीएमसी_सिन्नर · मंगळवार, संध्याकाळी ५:१०

कारागीरदादा, मला हे पटत नाही, तेही सांगतो. फायबरच्या कव्हरला एवढा खटाटोप कशाला? लांबीत पाच सेक्शन काढा, जुन्यावरून ट्रेस करा, वरचा बिंदू २२ ने वाढवा, गाइड रेल देऊन लॉफ्ट मारा, म्हणजे सेक्शनवरून सरफेस ताणा. अर्धा दिवस.

आणि स्टार पॉइंटबद्दल. फॉर्मचं बी-रेप (नेहमीचं फेस आणि कडांचं मॉडेल) झालं की स्टारभोवती फेस बारीक बारीक फुटतात. मी असे जॉब कापलेत. १२ चा बॉल नोज (गोल टोकाचा कटर), १ मिमी स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांमधलं अंतर), म्हणजे कटरच्या दोन फेऱ्यांच्या मधे राहणारी कंगोऱ्याची उंची ०.०२ च्या आसपास. मशीन इतकं साफ कापत असताना स्टारच्या जागी मात्र प्रकाश चमकून मोडतो, तो पॉलिशनेही जात नाही, कारण तो आकारातच असतो.

---

फॉर्म_कारागीर · मंगळवार, संध्याकाळी ५:४५

स्टारचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणूनच ताईंना साधा ८ बाय ६ चा पॅच सांगितला, त्यात स्टार येतच नाही. चार कोपऱ्यांचं तोंड असेल तर स्टारची गरजच नसते. आणावाच लागला तर सपाट जागी, बघणाऱ्याच्या नजरेआड.

लॉफ्टचं मात्र पूर्ण पटत नाही. पाच सेक्शन आणि दोन रेल जर एकमेकांना नीट भेटले नाहीत तर लॉफ्ट मधल्या जागेत काय करेल ते आपल्या हातात नाही. आणि पार्टी उद्या म्हणाली की डावी बाजू अजून ५ मिमी, तर पाचही स्केच उघडावी लागतात. तरी तोंड जर साधं गोल किंवा आयताकृती असतं, तर मीही लॉफ्टच केला असता.

---

व्हीएमसी_सिन्नर · मंगळवार, संध्याकाळी ६:००

ठीक. ताई, तोंडाचा आकार कसा आहे?

---

अंबडची_डिझायनर · मंगळवार, संध्याकाळी ६:३०

चारच कोपरे, पण एका बाजूला पंपाच्या पाइपसाठी आत घेतलेली खाच आहे. लॉफ्ट तिथेच अडकतो, आज दुपारी करून पाहिला. फॉर्मच्या वाटेने जाते.

---

निफाडचा_बागायतदार · मंगळवार, रात्री ९:१५

राम राम. मला सॉफ्टवेअरमधलं काही कळत नाही, पुतण्याने धागा दाखवला. पण कव्हर माझ्या ब्लोअरवर बसणार म्हणून लिहितो.

फुगवटा वाढवताय तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. आमची लागवड ९ बाय ५ वर, वर वाय पद्धतीचा मांडव. ट्रॅक्टर छोटाच चालतो, तरी दोन्ही बाजूला काड्या घासतात. कव्हर वर गेलं तर चालेल, पण रुंद झालं किंवा बाजूला धार आली तर नव्या फुटी त्यात अडकून मोडतात. घड असलेली एक काडी मोडली की ते नुकसान वर्षाचं.

दुसरं, कव्हरचा माथा सपाट ठेवू नका. फवारणीचं पाणी, बोर्डो, गंधकाची भुकटी सगळं वरती साचतं आणि वाळून थर होतो. जुन्या कव्हरचा माथा असा आहे की पाइपने पाणी मारलं की मागे वाहून जातं. तेवढा उतार राहू द्या. आणि ग्रीस मारायला कव्हर दर आठवड्याला काढावं लागतं, तर हात घालायला जागा ठेवा बाई.

---

अंबडची_डिझायनर · मंगळवार, रात्री ९:४०

दादा, मनापासून आभार. उताराचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. मी सरळ वर उचललं असतं आणि माथा नक्की सपाट झाला असता.

---

अंबडची_डिझायनर · गुरुवार, रात्री ११:२०

पहिला प्रयत्न झाला, जसा झाला तसा लिहिते.

स्टिच ०.१ ला केलं. ४१२ पैकी तीन ठिकाणी तरीही उघडं राहिलं, तिथे पॅच घातले. फुगवट्याचे ३१ फेस वेगळे केले. तोंडाच्या कडेत दोन बारीक एज निघाले, एक ०.४ चा आणि एक ०.२ चा. कारागीरदादांनी सांगितल्याप्रमाणे प्लेनने ३ मिमी खाली कापून कड साफ केली.

८ बाय ६ चा पॅच पुलने बसवला. मूळ फुगवट्यापासून जास्तीत जास्त फरक ०.६ मिमी, तोही खाचेच्या कोपऱ्यात. तिथे एकच जादा एज टाकला तर ०.३५ वर आला.

मग चुकलं. मॅच करताना मी सगळीकडे जी२ मागितलं. कडेजवळ लाटा आल्या, झेब्राच्या (सरफेस किती गुळगुळीत ते दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या) पट्ट्या सापासारख्या वळल्या. आणि वर घेताना मधला एकच पॉइंट ओढला, तर अगदी काकांनी सांगितलं तसं टेंगूळ आलं.

---

जुना_लॉफ्टमन · शुक्रवार, सकाळी ६:४०

जी२ मागण्याआधी खालच्या भिंतीचा झेब्रा बघ. भिंतच जर त्या कडेपाशी थरथरत असेल तर जी२ म्हणजे ती थरथर वर चढवणं. तुझा भरवसा ०.१ चा, त्यातून वक्रता काय साफ येणार? जी१ पुरे. जिथे भिंत स्वच्छ आहे तिथेच जी२.

---

फॉर्म_कारागीर · शुक्रवार, सकाळी ९:०५

काकांशी सहमत. आणि उचलताना मधल्या चार ओळी एकत्र निवडा, सॉफ्ट मॉडिफिकेशन चालू करा, म्हणजे ओढ मधे जास्त आणि कडेकडे हळूहळू कमी होईल. कडेच्या पहिल्या दोन ओळींना हात नको. पुढची बाजू २२, मागची १४-१५ उचला, बागायतदार दादांचा उतार आपोआप मिळेल. गिअरबॉक्सचा सर्वांत उंच भाग पुढेच आहे ना, ते मात्र तपासा.

अजून एक. फुगवटा उंच केला की बाजूच्या भिंती उभ्या होतात. मोल्डमधून कव्हर सुटायला ड्राफ्ट, म्हणजे भिंतीला थोडा तिरपेपणा, लागतो, फायबरला मी ३ अंशांखाली जात नाही. ड्राफ्ट अॅनालिसिस आत्ताच लावा, पॅटर्न कापल्यावर नाही.

---

अंबडची_डिझायनर · शनिवार, रात्री १०:५०

झालं!

गिअरबॉक्सचा उंच भाग पुढेच आहे. पुढे २२, मागे १५. चार ओळी सॉफ्टने उचलल्या. मॅच तिन्ही बाजूंना जी१, फक्त मागच्या लांब बाजूला जी२ टिकलं. ड्राफ्ट खाचेजवळ १.८ अंश निघाला, म्हणून खाचेची वरची कड ४ मिमी आत घेतली, आता ३.२ आहे. फॉर्मच असल्याने हे दहा मिनिटांत झालं. बाजूची रुंदी कुठेही जुन्यापेक्षा जास्त नाही, वरून दोन्ही आकार एकमेकांवर ठेवून पाहिलं. आतून ३ मिमी जाडी दिली, गिअरबॉक्सपासून सर्वांत जवळच्या जागी १२ मिमी मोकळं आहे. पार्टीला १० हवं होतं.

फ्लँजच्या सहाही भोकांची मापं आयात फाइलशी जशीच्या तशी, कारण त्या भागाला हातच लावला नाही.

व्हीएमसी दादा, स्टार एकही नाही. तुमच्याकडे कापायला पाठवू का? आमच्या राउटरला ही उंची पुरत नाही.

---

व्हीएमसी_सिन्नर · शनिवार, रात्री ११:०५

पाठवा ताई. स्टेप द्या, आणि सॉलिड आहे ना ते बघूनच द्या. मंगळवारी मशीन मोकळं आहे. दर रोजचाच, घाई म्हणून वेगळे पैसे नाहीत.

---

डिप्लोमा_शेवटचं_वर्ष · रविवार, सकाळी १०:३०

ताई, शिकण्यासाठी विचारतो. फॉर्म पूर्ण झाल्यावर तुम्ही कन्व्हर्टने टी-स्प्लाइन ते बी-रेप केलं का? आमच्या प्रोजेक्टमध्ये तसं केल्यावर परत फॉर्म उघडता आला नाही.

---

फॉर्म_कारागीर · रविवार, सकाळी ११:१५

ते करायचं नाही. टाइमलाइन चालू असेल तर फक्त फिनिश फॉर्म म्हणायचं. बी-रेप तो आपोआप करतो आणि जांभळा फॉर्म टाइमलाइनमध्ये राहतो, डबल क्लिक करून परत आत जाता येतं. आतून कन्व्हर्ट केलं तर ती बॉडी कायमची बी-रेप होते, तीच तुमची अडचण झाली असणार.

आणि गेंडा, म्हणजे ऱ्हायनो, वापरणाऱ्यांसाठी: २०२० च्या शेवटी आलेल्या सातव्या आवृत्तीपासून त्यात क्वाडरिमेश (आकाराची चौकोनी जाळी करणारं) आणि सब-डी (टी-स्प्लाइनसारखाच ओढता येणारा सरफेस) आहे. फुगवट्याचा तुकडा निवडून शे-दोनशे चौकोन मागायचे, निकाल सब-डी म्हणून घ्यायचा, ओढायचा आणि शेवटी नर्ब्स करायचा. फरक मोजायला पॉइंट डेव्हिएशन. वाट वेगळी, पण कुठे हुबेहूब आणि कुठे नाही हे तिथेही आधी आखावंच लागतं.

---

अंबडची_डिझायनर · पुढचा शुक्रवार, रात्री ९:२५

पॅटर्न बुधवारी कापून आला, आज पहिलं कव्हर मोल्डमधून निघालं. वॅक्स नीट लावलं होतं, तरी सोडवताना छातीत धडधड होती. खाचेजवळ अडकेल वाटलेलं, तिथूनच सर्वांत आधी सुटलं. पार्टीच्या जुन्या मशीनवर नेऊन बसवलं, सहाही बोल्ट हाताने गेले, भोक रुंद करावं लागलं नाही. माथ्यावर बादलीभर पाणी ओतलं, सगळं मागे गेलं.

पार्टीला मी तीन गोष्टी दिल्या: स्टेप, टाइमलाइनसकट फ्युजनची फाइल, आणि एक कागद. कागदावर लिहिलंय की कोणता भाग मूळ आयजीईएसमधला आहे आणि तो ०.१ पेक्षा बारीक धरू नये, कोणता भाग फॉर्म आहे, आणि पुढे उंची बदलायची तर कोणत्या चार ओळी उचलायच्या. मूळ डिझायनरने असा एक कागद सोडला असता तर माझा आठवडा वाचला असता.

निफाडच्या दादा, पार्टी म्हणाली पहिल्या खेपेतलं एक कव्हर तुमच्या भागातच जाणार आहे. ग्रीससाठी हात जातो का ते छाटणीनंतर नक्की कळवा. जागा ठेवली आहे, पण माझा हात लहान आहे.

---

निफाडचा_बागायतदार · पुढचा शुक्रवार, रात्री ९:५०

कळवतो. कोपरापर्यंत हात घालून बघतो.